सुईची तारीख लक्षात राहते, तापाची राहत नाही

पत्र सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई अंगणवाडी सेविका आहेत, वय ३६. घरी नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी. नाव-गाव छापू नये असं त्यांनी कळवलं आहे.

२०२१ च्या फेब्रुवारीत त्यांनी कोविडच्या लसीचा पहिला डोस घेतला आणि १६ मार्चला दुसरा. पुढे गावात घरोघर फिरून इतरांनाही लसीला तयार केलं. मे महिन्यात उजव्या डोळ्याला धूसर दिसू लागलं, डोळा फिरवला की आतून दुखे. (एप्रिलमध्ये घरात सगळ्यांना ताप येऊन गेला होता.) एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या. गेल्या जुलैत लावणीच्या दिवसांत ताप भरला, पायांतली ताकद गेली, डोळ्यापुढे पुन्हा धुकं आलं. चार दिवसांत ताप उतरला आणि सगळं निवळलं. या जानेवारीत मात्र ताप नसतानाच डावा पाय तीन आठवडे बधिर राहिला आणि एमआरआयमध्ये नवा डाग दिसला. कोल्हापूरच्या न्यूरोलॉजिस्टनी आता सहा महिन्यांनी एकदा सलाईनमधून द्यायचं औषध सुचवलं आहे, पण त्याआधी काही लसी घ्या असं सांगितलं आहे. घरात त्यावरून वाद पेटला आहे. सासूबाई म्हणतात, "ह्या सगळा त्या सुयेमुळा झाला. आता पुन्हा पायार धोंडो मारून घेव नको." त्यांच्या भावाला लहानपणी कुत्रा चावला, पोटात चौदा इंजेक्शनं दिली आणि त्यातच त्याचे पाय गेले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलीच्या शाळेतून धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा संमतीचा कागद आला आहे, तोही आठ दिवस तसाच पडून आहे.

"लसीने झालेल्या आजारावर पुन्हा लसच कशी घ्यायची? मुलीच्या कागदावर सही करू का? आणि ज्यांना मी लस घ्यायला लावली त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?" असं त्या विचारतात.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. लसीची तारीख तुम्ही दिवसासकट लिहिलीत, १६ मार्च. तापाला मात्र तारीख नाही, आणि तो कंसात आहे. दुसऱ्या लाटेचा एप्रिल होता तो. लस आपण ठरवून घेतो, रांगेत उभे राहतो, कार्डावर शिक्का मारून मिळतो, दोन दिवस दंड दुखतो. ताप न बोलावता येतो आणि गेला की विसरून जातो. पुढे काही वाईट घडलं की बोट आपोआप सुईकडे वळतं.

तापाला आरोपी करावं म्हणून मी हे लिहीत नाही. तुमच्या बाबतीत तोही असेलच असं नाही. पत्राबरोबर तुम्ही पहिल्या एमआरआयच्या रिपोर्टचा फोटो पाठवला आहे, त्यातली एक ओळ मी तीनदा वाचली. सहा डाग, त्यांतल्या चारांनी कॉन्ट्रास्ट धरलेला नाही. तपासणीच्या वेळी शिरेतून दिलेलं ते औषध डागाची सूज ताजी असते त्या काही आठवड्यांतच त्यात झिरपतं. जुना, निवलेला डाग ते धरत नाही. म्हणजे डोळा धूसर झाला तेव्हा मेंदूत काही जुने व्रण आधीच होते. तुमच्या डॉक्टरांना तो रिपोर्ट पुन्हा दाखवा आणि हा एकच प्रश्न विचारा: हे चार डाग किती जुने असतील?

कौलारू घराचा वासा पावसाच्या पहिल्या झडीत मोडतो. मोडल्यावर आत बघावं तर वाळवीने तो कधीच पोखरलेला असतो. एमएसचं असंच आहे. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, तारेवर प्लॅस्टिक असावं तसं. आपलीच प्रतिकारशक्ती चुकून ते कुरतडते. हे काम पहिलं लक्षण दिसायच्या काही वर्षं आधीपासून चालू असल्याच्या खुणा रक्तातही सापडल्या आहेत. आपण आजाराचा वाढदिवस धरतो तो खरं तर त्याच्या पकडले जाण्याचा दिवस असतो.

आणि त्या वर्षी पकडला गेलेला कुठलाही आजार लसीच्या आगेमागेच असणार होता. १७ जुलै २०२२ रोजी देशात कोविड लसीचे २०० कोटी डोस पूर्ण झाले. जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या कॅलेंडरवर दोन-तीन सुया लागल्या. एमएस हा मुख्यतः विशी ते चाळिशीतला आजार, बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट होणारा. लस नसती तरी त्या दोन वर्षांत देशात अनेक तरुण बायकांचं हे निदान झालंच असतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच त्या तारखांवरून सिद्ध होतं.

एकट्या माणसाच्या बाबतीत "यामुळेच झालं" किंवा "याचा काडीचाही संबंध नाही" असा निवाडा कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही, मीही देणार नाही. हजारो माणसं एकत्र पाहिली की मात्र चित्र दिसू लागतं. फ्रान्समध्ये १९९४ पासून हेपटायटिस बी ची मोठी मोहीम झाली, त्यानंतर काहींना एमएस झाल्याच्या बातम्या आल्या आणि १९९८ मध्ये सरकारने शाळांतलं लसीकरण थांबवलं. लोकांची भीती खरी होती, म्हणून शास्त्रज्ञांनी ती मनावर घेऊन तपासली. २००१ साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत त्या लसीचा आणि एमएसचा संबंध आढळला नाही. त्याच वर्षी युरोपातल्या ६४३ एमएस रुग्णांचे अटॅक, म्हणजे आजार अचानक उसळल्याचे प्रसंग, तपासले गेले. अटॅकच्या आधीच्या दोन महिन्यांत लस घेतलेले लोक इतर काळापेक्षा जास्त निघाले नाहीत. पुढे २०१९ मध्ये जर्मनीतल्या १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तर निदानाच्या आधीच्या पाच वर्षांत त्यांनी इतरांपेक्षा कमीच लसी घेतल्या होत्या. कोविडच्या लसींनंतरही एमएसच्या रुग्णांत एकूण अटॅक वाढल्याचं दिसलं नाही. आणि फ्रान्सने २०१८ पासून तीच हेपटायटिस बी ची लस बाळांना सक्तीची केली.

संसर्गाचं पारडं मात्र जड आहे. एमएसच्या मुळाशी एखादा संसर्ग असावा हा संशय जुना आहे, पियेर मारी या फ्रेंच डॉक्टरने तो १८८४ सालीच बोलून दाखवला होता. पुरावा यायला २०२२ उजाडलं. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जवानांचे वर्षानुवर्षं साठवलेले रक्ताचे नमुने हार्वर्डच्या संशोधकांनी तपासले. एमएस झालेल्या ८०१ जणांपैकी ८०० जणांना त्याआधी एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग होऊन गेला होता, आणि या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढलेला दिसला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की या विषाणूच्या एका प्रथिनाचा चेहरा मेंदूतल्या एका प्रथिनाशी मिळताजुळता आहे. चोर समजून घरच्याच माणसाला धरावं, तशी प्रतिकारशक्तीची गफलत होते.

हे वाचून आता त्या विषाणूला घाबरू नका. तो लाळेतून पसरतो आणि जगातल्या दहातल्या नऊहून अधिक मोठ्या माणसांच्या अंगात असतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच, एखाद्या साध्या तापासारखा होऊन जातो. त्यातल्या फारच थोड्यांना एमएस होतो, म्हणजे अनुवंश, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान अशी इतर कारणंही जुळून यावी लागतात. या विषाणूवर अजून लस नाही. तो तुम्हाला कुणी दिला, हे शोधण्यात अर्थ नाही. आणि एमएस स्वतः संसर्गजन्य नाही, हे घरात स्पष्ट सांगा. एका बाईचं ताट-भांडं घरच्यांनी वेगळं केलेलं मी पाहिलं आहे. तुमच्याकडे तसं होत असेल तर आजच थांबू द्या. मुलीला जवळ घ्या, तिच्या ताटातलं खा.

आता सासूबाईंच्या भावाबद्दल. पत्रातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तिथे घाबरणारं माणूस चुकत नाहीये.

मी १९८४ साली एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कुत्रं चावलेली मुलं यायची, आई-बापाचा हात घट्ट धरून. बाकावर आडवं करायचं, बेंबीच्या आजूबाजूला रोज एक जागा बदलून मोठ्या सिरिंजने टोचायचं. अशी चौदा दिवस. ती इंजेक्शनं मी स्वतः दिली आहेत. ती लस १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी तयार केली, म्हणून तिला सेंपल लस म्हणत. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा आणि मग त्या मेंदूचाच फिनॉल घातलेला काला टोचायचा. त्यात विषाणू मेलेला असे, पण मेंढीच्या मेंदूतलं मायलिनही असे. परक्या जनावराचं मायलिन पुन्हा पुन्हा अंगात गेल्यावर काही माणसांची प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडे आणि मग स्वतःच्याच मज्जारज्जूवर. पाय लुळे पडत, लघवी अडकत असे. सगळ्यांना होत नसे, पण होत असे, आणि डॉक्टरांना ते ठाऊक होतं. तरी देत होतो, कारण रेबीज झाला की माणूस वाचत नाही आणि तेव्हा आमच्या हातात दुसरं काही नव्हतं.

त्यामुळे सासूबाईंना "तुमचं काहीतरीच" असं म्हणू नका. त्यांनी जे पाहिलं ते अगदी असंच असू शकतं. त्या मुलाला झाला असेल तो एमएस नव्हे, लसीतल्या मेंदूच्या अंशामुळे एकदाच येणारा तीव्र दाह. पण जखम त्याच जातीची, आणि घरातल्यांच्या मनावर ती कायमची. अशा घरांत त्या वेळी कुणी जाऊन "हे का झालं" ते समजावलं नाही. आम्ही समजावलं नाही. त्याची खंत मला आजही आहे.

पुढे काय झालं तेही त्यांना सांगा. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये थॉमस रिव्हर्स या शास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न घेतला. माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला, तेव्हा विषाणू नसतानाही त्यांच्या मायलिनवर तसाच हल्ला झाला. दोष मेंदूच्या अंशाचा, हे तिथे कळलं. त्या प्रयोगातून उभ्या राहिलेल्या पद्धतीवरच पुढची कित्येक दशकं एमएसचं संशोधन चाललं. तुमच्या सासूबाईंच्या भावासारख्यांचं दुखणं असं तुमच्या औषधापर्यंत येऊन पोहोचलं आहे. सेंपल लसीचं उत्पादन भारतात डिसेंबर २००४ पासून बंद आहे. आताची रेबीजची लस प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवतात, तिच्यात मेंदूचा अंश नसतो, ती दंडात देतात. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेल्या लसींतही तो नाही.

म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. गावात, बंदरावर कुत्री आहेत. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. एमएस आहे म्हणून थांबायचं नाही, सलाईनचं औषध चालू आहे म्हणूनही नाही. उलट ते औषध चालू असल्याचं डॉक्टरांना लगेच सांगा, कारण मग लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, द्यायचं की नाही याचा ते वेगळा विचार करतात.

जुलैतल्या तापाकडे वळते. त्याला तुम्ही "दुसरा अटॅक" म्हटलंय. मला तसं वाटत नाही. मायलिन झिजलेल्या तारेतून संदेश आधीच रखडत जातो, आणि अंग अर्धा-एक अंशाने तापलं तरी तो पार अडकतो. १८९० मध्ये विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे पहिल्यांदा नोंदवलं. ताप, मे महिन्याचा उकाडा, चुलीपुढची धग, कढत पाण्याने आंघोळ, यांतलं काहीही जुनं लक्षण पुन्हा वर आणू शकतं. अंग निवलं की ते जातं आणि नवी इजा होत नाही. तुमचं अगदी तसंच झालं. जानेवारीतलं वेगळं होतं. ताप नव्हता, लक्षण नवं होतं आणि तीन आठवडे टिकलं. तो खरा अटॅक. हा फरक घरात सगळ्यांना कळायला हवा, नाहीतर प्रत्येक तापाला अटॅकवरचं स्टेरॉइड मागितलं जाईल, किंवा खरा अटॅक "ताप असेल" म्हणून अंगावर काढला जाईल. नवं लक्षण किंवा वाढलेलं जुनं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं तर न्यूरोलॉजिस्टना फोन करा. आधी जवळच्या डॉक्टरांकडून ताप आणि लघवी तपासून घ्या. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग पुष्कळदा जळजळ न होताच येतो आणि पायांची ताकद घेऊन जातो.

तरीही तापाला हलकं समजू नका. संसर्गाच्या आगेमागे काही आठवडे खऱ्या अटॅकचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं एकाहून अधिक अभ्यासांत दिसलं आहे. तुम्ही ज्याला घाबरताय त्या सुईबद्दल असं आढळलं नाही, आणि ज्याला कंसात टाकलंत त्या तापाबद्दल आढळलं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हटलं की लेप्टोही मनात धरावा लागतो. शेतातल्या चिखलपाण्यात उंदरांचं मूत मिसळतं, पायाच्या भेगेतून जंतू आत शिरतो. नवं औषध सुरू झाल्यावर चिखलात उतरू नये हे उत्तम. पण भातशेती घरची असेल आणि माणसं नसतील तर मी नुसतं "उतरू नका" म्हणून काय उपयोग? गमबूट घाला, पायाला जखम असेल त्या दिवशी मुळीच उतरू नका, आणि आरोग्य केंद्रात लेप्टोसाठी देतात त्या डॉक्सीसायक्लिनबद्दल तुमच्या इतर औषधांची यादी दाखवून विचारा. ताप आला तर "दोन दिवस बघू" करू नका. पॅरासिटामोल, ओल्या फडक्याने अंग पुसणं, पंखा, आणि त्याच दिवशी रक्ततपासणी.

आता मुख्य प्रश्न, लसी घ्याव्यात का? माझं उत्तर हो आहे, आणि ते "आत्ताच" या शब्दासकट आहे.

सुचवलेलं औषध रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅबच्या जातीचं असावं. या औषधांनी रक्तातल्या बी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशी, कमी होतात, त्यामुळे अटॅक आटोक्यात येतात. पण लसीला प्रतिसाद म्हणून अँटीबॉडी बनवण्याचं कामही याच पेशींचं. आधी घेतलेली लस पुरी लागते, नंतर घेतलेली अर्धीमुर्धी. इन्जेक्शनच्या निर्जीव लसी औषधाच्या निदान दोन आठवडे आधी आणि जिवंत विषाणूच्या लसी निदान चार आठवडे आधी पूर्ण व्हाव्यात, असा नियम आहे. औषध सुरू झाल्यावर जिवंत लसी घेता येत नाहीत. ही खिडकी आत्ता उघडी आहे, एकदा मिटली की पुन्हा तेवढी उघडणार नाही.

तुमच्या नोकरीकडे पाहून मी कांजिण्यांबद्दल आधी विचारेन. अंगणवाडीत वर्षाआड कुणीतरी अंगावर फोड घेऊन येतंच. लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या का, आईला विचारा. ठाऊक नसेल तर अँटीबॉडीची तपासणी होते. नसतील तर ती लस जिवंत आहे, म्हणजे आत्ताच घ्यावी लागेल. हेपटायटिस बी ची रक्ततपासणी औषधाआधी झालीच पाहिजे, कारण यकृतात लपलेला हा विषाणू या औषधाने उसळी घेतो. टीबीचंही विचारून घ्या. फ्लूची लस दरवर्षी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आणि ती इन्जेक्शनचीच, नाकात फवारायची नको, कारण ती जिवंत असते. नवरा आणि मुलीनेही फ्लूची घ्यावी, म्हणजे घरात ताप शिरायचं एक दार लागतं. न्यूमोनियाची लस आणि नागिणीवरची नवी, निर्जीव लस यांचं डॉक्टर ठरवतील. नागिणीची महाग आहे. पैशांची ओढ असेल तर कुठली आधी आणि कुठली नंतर हे स्पष्ट विचारा, त्यात संकोच कसला.

लस न घेता सरळ औषध सुरू करणं हा पर्यायही आहे, आणि आजार फार भडकलेला असेल तर डॉक्टर तोच निवडतात, कारण लसींसाठी महिनोन्‌महिने थांबण्यात मज्जातंतूंचं नुकसान असतं. तुमच्या डॉक्टरांनी स्वतःहून वेळ दिला आहे, म्हणजे तेवढी सवड आहे असं त्यांना वाटतं. पण ती घरातल्या वादात संपवू नका. तिसरा पर्याय तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, तो मला ओळींमधून दिसतोय: लसही नको आणि औषधही नको, आहे ते चालू द्यावं. जानेवारीतल्या नव्या डागानंतर तो रस्ता सर्वांत धोक्याचा आहे.

लस घेतल्यावर एखादा दिवस कणकण येईल, तेव्हा पाय जड वाटतील. ते वर सांगितलेलं उष्णतेचंच नाटक. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या रात्री पुन्हा "बघ, सांगितलं होतं ना" सुरू होईल. पॅरासिटामोल जवळ ठेवा, दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. आणि खरा अटॅक चालू असेल तर तो निवळेपर्यंत लस पुढे ढकला.

मुलीचं. आईला एमएस असल्याने मुलीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी शंभरातल्या दोन-तीन मुलांइतकाच. धनुर्वात-घटसर्पाची दहाव्या वर्षीची ही लस तो वाढवत नाही. उलट धनुर्वाताची लस घेतलेल्यांत एमएस थोडा कमीच आढळल्याचं २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं होतं. त्यासाठी म्हणून ती द्यायची नाही, ती द्यायची गंजक्या खिळ्यासाठी आणि घटसर्पासाठी. पोलिओ रविवारी तुम्ही मुलांना थेंब पाजत असाल तर तेही पाजू शकता. थेंब जिवंत लसीचे असतात, तेव्हा नंतर, आणि लहान बाळांची शी धुतल्यावर, हात साबणाने नीट धुवा.

राहिलं गाव. कुठल्या तोंडाने उभी राहू, असं विचारताय. २०२१ मध्ये तुम्ही ज्यांच्या दारात गेलात त्यांच्यात म्हातारी माणसं होती, मधुमेही होते. त्यांच्यातले किती जण आज ओसरीवर बसलेले दिसतात ते सकाळी जाताना एकदा बघा. तुम्ही त्यांचं वाईट केलं नाहीत, ताई. आणि तुमच्या आजाराबद्दल कुणी विचारलं तर लपवू नका. "मला एमएस आहे, मी लसी घेतेय, आधी पुष्कळ घाबरले होते" एवढं म्हणालात तरी एखादी आई तुमच्यावर जास्त विश्वास ठेवेल. एकटं वाटत असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाशी संपर्क करा, तिथे हाच आजार घेऊन नोकरी-संसार करणारी माणसं भेटतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करून ठेवा. पाय साथ देत नसतील त्या दिवसांत कामाची सवलत मागताना ते लागेल.

पुढच्या तपासणीला कोल्हापूरला जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या. घाटातून गाडी लागते त्यांना, हे तुम्ही लिहिलंय, तरीही न्या. आत गेल्यावर आधी त्यांना बोलू द्या, भावाचं नाव घेऊन विचारू द्या: माझ्या भावाला दिलेली आणि हिला द्यायची ती लस एकच आहे का? हा प्रश्न त्या पन्नास-साठ वर्षं मनात धरून आहेत. त्याचं उत्तर त्यांना डॉक्टरांच्या तोंडून, समोर बसून मिळायला हवं. त्या उत्तरानंतरही त्यांचं मन वळलं नाही तर त्यांच्याशी भांडू नका, पण निर्णय तुमचा आणि तुमच्या यजमानांचा.

मुलीच्या कागदाला मात्र कोल्हापूरची वाट बघायला नको. उद्या दप्तर भरताना सही करून द्या.